मोरीची बखर

दिवाळी अंक उघडावा, चकलीचा तुकडा तोंडात टाकावा आणि समोर लेख यावा तो मोरीवर, हा योग काही शुभ नव्हे, हे मला मान्य आहे. इतिहासावर लिहायचे तर किल्ल्यांवर लिहावे, जुन्या दप्तरातले एखादे पत्र उलगडावे, गेला बाजार अत्तराची कुळकथा सांगावी. पण वाचकांनी क्षणभर विचार करावा. आपली दिवाळी कोठे सुरू होते? देवघरात नाही आणि फराळाच्या डब्यापाशीही नाही. ती सुरू होते न्हाणीघरात. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या लहानथोरांच्या अंगावरचे तेल, उटणे, शिकेकाई आणि साबणाचा फेस, सारे एकाच भोकाच्या स्वाधीन होते. त्याआधी चार दिवस तळणीच्या कढया स्वयंपाकघराच्या मोरीत विसळलेल्या असतात. मग पाडव्याच्या सकाळी पाणी घोट्यापर्यंत चढते, आणि नळदुरुस्तीवाला तर दिवाळीसाठी गावी गेलेला असतो.

मोरी तुंबली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दुकानातून ती पूड नाहीतर ते ॲसिड आणा, ओता आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आधी जाळी उचला, हात घाला आणि आत काय आहे ते पाहा. पहिल्या पक्षापाशी झटपट गुण आहे आणि जाहिरातींचे पाठबळ आहे. दुसऱ्यापाशी नुसता इतिहास आहे. मी दुसऱ्या पक्षाचा, आणि हा लेख म्हणजे त्या पक्षाची कैफियत.

प्रथम शब्दाचा मान. 'स्नान'चे न्हाण झाले आणि न्हाण जिथे घ्यायचे ती न्हाणी झाली. न्हाणीघराच्या फरशीत जाळीखाली जे वाटीसारखे भांडे बसवलेले असते, त्याला आपल्याकडच्या बांधकामशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. इंग्रजीने आपल्याला शब्दांची पोतीच्या पोती दिली. परतफेडीत आपण काय दिले याची यादी करताना ही न्हाणी विसरू नये.

माझ्या आजोळी कोकणात मोरी तुंबल्याचे मी कधी ऐकले नाही, कारण तुंबायला तेथे नळीच नव्हती. न्हाणीच्या भिंतीला तळाशी एक भोक होते. त्यातून पाणी बाहेर पडे, दगडी पन्हळीने अळवाच्या वाफ्यात जाई, आणि अळवाचे भागले की केळीच्या बुंध्याशी मुरे. भांडी घासायची ती चुलीतल्या राखेने, केस धुवायचे ते शिकेकाईने, आणि चोथा उरला तरी जमिनीला तो पचत असे. त्या पाण्यावर पोसलेल्या अळवाचे फदफदे सणाला पानात पडे आणि कोणी नाक मुरडत नसे. सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न विचारायचीच गरज नव्हती. खिडकीतून ते दिसत होते.

पण एकट्या घराला जे साधते ते दाटीच्या नगराला साधत नाही. हजारो घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली की अळवाचा वाफा कोठून आणायचा? हा पेच काही आजचा नाही. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी सिंधमधल्या मोहेंजोदडोच्या टेकाडात उत्खनन सुरू केले आणि १९२४ साली जॉन मार्शल यांनी त्या प्राचीन संस्कृतीची वार्ता जगाला सांगितली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात घरोघर विटांनी बांधलेल्या न्हाण्या होत्या, आणि त्यांचे पाणी रस्त्यातल्या झाकलेल्या नाल्यांत जात असे. पाहुण्याला नवल वाटते ते नाल्यांचे. मला नवल वाटते ते दोन बारीक गोष्टींचे. वाटेत ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी खड्डे ठेवलेले होते, आणि नाल्यांवरची विटांची वा दगडांची झाकणे उचलता येत होती. म्हणजे नाला तुंबणारच, हे त्या गवंड्यांनी गृहीत धरले होते. तो तुंबू नये म्हणून नवस न बोलता, तुंबल्यावर उघडता यावा अशी त्यांनी सोय केली. मोरीचे सारे शास्त्र एवढ्यात आले. पुढची बखर म्हणजे आपण हे शास्त्र कसकसे विसरलो त्याची हकीकत आहे.

तेथून मोठी उडी घेऊन लंडनला जायला हवे, कारण आपल्या आजच्या नळीचे वळण तेथले आहे. नाला घराशी जोडला की पाणी बाहेर जाते हे खरे. पण त्याच वाटेने दुर्गंध आत येतो. त्यावर अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात एक तोड दाखवली. नळीला इंग्रजी 'एस'सारखे वळण द्यायचे. वळणाच्या पोटात थोडे पाणी नेहमी साचून राहते, आणि ते ओंजळभर पाणीच दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यासारखे वायूला अडवते. आपल्या बेसिनखालचे वळण आणि नहाणी ट्रॅपमधले पाणी, दोघेही याच घराण्यातले. पण ज्या वळणात पाणी थांबते त्याच वळणात केस, भाताचे शीत आणि तेलाचा थरही थांबतो. मोरी बहुधा तुंबते ती याच पहारेकऱ्याच्या चौकीत, हाताच्या अंतरावर. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी लढाई जिंकली.

लंडनच्या श्रीमंतांनी घरे अशी निर्गंध केली आणि सारी घाण टेम्स नदीत सोडली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदी इतकी नासली की काठावरच्या पार्लमेंटात बसणे कठीण झाले. तेव्हा पहिला उपाय कोणता केला? खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात बुडवून टांगले! ही पावडर १७९९ साली चार्ल्स टेनंट यांनी ग्लासगोत पेटंट केलेली, कापड पांढरे करण्याची. पडद्यांनी काही भागले नाही. शेवटी जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या हाती काम सोपवून शहराखाली मोठमोठे नाले बांधावे लागले. आधी रसायन आणि मग खोदकाम, असा हा क्रम; मनुष्यस्वभावाचा म्हणाना.

हाच क्रम आपल्या मुंबईनेही पाहिला. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. रोग गटारातल्या दुर्गंधातून येतो ही तेव्हाची समजूत. म्हणून पालिकेने गटारांतून आणि गल्ल्यांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड अहोरात्र सोडले. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे ते ॲसिड ज्या शत्रूवर ओतले तो शत्रू तेथे नव्हताच; उलट बिळांतले उंदीर गटारे सोडून घरांत शिरले असावेत, असे मत पुढे मांडले गेले. आत काय आहे हे न पाहता वरून जहाल द्रव्य ओतण्याचा यापेक्षा मोठा धडा दुसरा कोणता?

आता त्या जहाल द्रव्याचीच वंशावळ पाहू. तिचा मूळ पुरुष आपल्या चुलीत बसलेला आहे. राख पाण्यात कालवली की ते पाणी बुळबुळीत लागते, तेलकट भांडे त्याने स्वच्छ होते. हा खार. तेल आणि खार यांची गाठ पडली की साबण होतो. ही विद्या फार जुनी. तिचे रहस्य मात्र मिशेल शेव्हरल यांनी १८२३ साली आपल्या ग्रंथात उलगडले. राखेचा पुरवठा कारखान्यांना अपुरा पडू लागला म्हणून निकोला लब्लाँ यांनी १७९१ साली मिठापासून सोडा काढण्याची कृती फ्रान्समध्ये नोंदवली. त्याच्या शंभर वर्षांनंतर, १८९२ च्या सुमारास, हॅमिल्टन कॅस्टनर आणि कार्ल केल्नर यांनी एकमेकांच्या नकळत मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून कॉस्टिक सोडा काढण्याची युक्ती शोधली. या रीतीत साध्या मिठाची फोड होऊन दोन मुख्य वस्तू हाती येतात: एक कॉस्टिक सोडा, दुसरा क्लोरीन वायू. एकाच मिठाची ही दोन भावंडे. दोघांचीही बिऱ्हाडे आज आपल्या न्हाणीघराच्या फळीवर शेजारी शेजारी आहेत. नळी मोकळी करण्याच्या पुडीत पहिला, आणि फरशी पांढरी करण्याच्या बाटलीत दुसऱ्याचा संसार.

कॉस्टिक सोडा नळीत काय करतो? तो तेलाच्या थराचा साबण करू पाहतो आणि केसांना विरघळवतो. १९२३ साली अमेरिकेत 'ड्रेनो' नावाची पूड घरगुती विक्रीस आली, तिच्यात कॉस्टिकबरोबर ॲल्युमिनियमचे कण घातलेले होते. पाणी लागताच दोघांची झटापट होऊन भयंकर उष्णता आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे निर्माण होतात. उष्णतेने चरबी वितळते, बुडबुड्यांनी गाळ हलतो. कल्पना चतुर खरी. पण नळी पुरती तुंबलेली असली म्हणजे ही पूड पुढे जातच नाही. ती वळणात बसून राहते, कधी अर्धवट झालेल्या साबणासह दगडासारखी घट्ट होते, प्लास्टिकची नळी उष्णतेने वाकते, आणि वर घोटाभर दिसणारे निरुपद्रवी पाणी प्रत्यक्षात जळजळीत खाराचे डबके झालेले असते.

या वंशावळीत एक पान असे आहे की ते मला प्रत्येक आईबापांना वाचून दाखवावेसे वाटते. शेव्हेलिअर जॅक्सन (१८६५–१९५८) हे पिट्सबर्गचे आणि पुढे फिलाडेल्फियाचे घशाचे डॉक्टर. मुलांनी गिळलेली नाणी, टाचण्या, गुंड्या दुर्बिणीने काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही मांडलेल्या आहेत. पण त्यांना छळले ते वेगळ्याच दुखण्याने. तेव्हा घरोघर साफसफाईसाठी कॉस्टिकचा डबा असे. पूड दिसायला साखरेसारखी, डब्यावर धोक्याचा शब्द नाही. लहान मूल बोट बुडवून चाटे. ओठ बरे होत, पण अन्ननलिका आतून आखडत जाऊन दोऱ्याएवढी अरुंद होई, आणि मूल अन्नपाण्यावाचून सुकत जाई. अशाच एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. कित्येक दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्यांनी नळीतून आत पाहून अडकलेला राखी रंगाचा गोळा काढला. पेलाभर पाणी पुढे केले तेव्हा तिने घाबरत एक घोट घेतला. तो खाली उतरला. तिचा स्वतःचा विश्वास बसेना. मग दुसरा घेतला, आणि परतण्यापूर्वी तिने डॉक्टरांच्या हाताचा मुका घेतला.

घशात अडकलेले काढता येते, पण घसे जाळणारा डबा रोज विकला जातो, त्याचे काय? जॅक्सन यांनी शस्त्रक्रियेबरोबर राजदरबारही धरला. वर्षानुवर्षे ते कायदेमंडळांपुढे उभे राहिले, आणि अखेर १९२७ साली अमेरिकेत दाहक विषांचा संघीय कायदा झाला. डब्यावर 'विष' हा शब्द ठसठशीत अक्षरांत छापलाच पाहिजे आणि अपघात झाल्यास काय करावे तेही लिहिले पाहिजे, असे ठरले. आज आपण ज्या लेबलाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याच्या मागे इतकी पोरे तहानलेली उभी आहेत.

आणि आपण काय करतो? सुटे ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत आणून ठेवतो! जॅक्सन यांनी आयुष्य वेचून चिकटवलेले लेबल आपण आपल्या हाताने खरवडतो. म्हणून कैफियतीतली पहिली मागणी ही की अशी वस्तू घरात आणलीच तर मूळ बाटलीतच ठेवावी, कुलपाच्या कपाटात, मुलांच्या हाताला न लागेल अशी.

दुसरी मागणी भावंडांविषयी. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाले की क्लोरीन मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने रणांगणावर सोडला तोच हा वायू. ब्लीचिंग आणि अमोनिया यांच्या संगतीतूनही विषारी वायू निघतो. कॉस्टिकवर ॲसिड ओतले तर दोघे खवळून उसळतात आणि तोंडावर उडतात. एकाने गुण आला नाही म्हणून दुसरे ओतायचे, ही सवय औषधांत वाईट आणि मोरीत त्याहून वाईट. पूडच वापरायची वेळ आली तर हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडकी उघडावी, डब्यावर लिहिलेले प्रमाण पाळावे. कॉस्टिक पाण्यात घालायचे असेल तर पाण्यात हळूहळू कॉस्टिक सोडावे. कॉस्टिकवर पाणी कधी ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे तर या कामाला मुळीच घेऊ नये.

अपघात झालाच तर डोळा वा कातडी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावी. पोटात गेले असल्यास ओकारी काढू नये, कारण आत जाताना जे जाळते ते वर येतानाही जाळते. खारावर उतारा म्हणून लिंबू-व्हिनेगर पाजण्याची जुनी शिकवण आता वैद्यकाने सोडून दिली आहे. तोंड धुवावे, बाटली बरोबर घ्यावी, १०८ ला दूरध्वनी करावा आणि थेट इस्पितळ गाठावे.

मग मोरी मोकळी करायची कशी? मोहेंजोदडोच्या गवंड्याने केली असती तशी, झाकण उचलून. जाळी काढावी, मोजा घातलेल्या हाताने केसांचा गुंता ओढून काढावा. नहाणी ट्रॅपमधली वाटी सुटी निघते, ती घासून परत बसवावी. बेसिनखाली बादली ठेवून वळणाचा आटा फिरवावा, तो त्यासाठीच दिलेला असतो. न निघाल्यास लाकडी दांड्याचा रबरी पंप घ्यावा. रबर बुडेल एवढे पाणी असू द्यावे, शेजारचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे आणि पंधरा-वीस वेळा दाबून ओढावे. पुढे अडले असेल तर लवचीक तार. मात्र आधी रसायन ओतले असेल तर पंप मारू नये. ते डबके तोंडावर येईल. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहायला मौज वाटते, पण ते एकमेकांना निकामी करतात. गाळासाठी फारसे बळ उरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कारागीर आला की काय ओतले आहे ते दारातच सांगावे. आपण नळीत टाकतो ते नाहीसे होत नाही, कोणाच्या तरी हातापर्यंत जाते. नळीच्या त्या टोकाला माणूस आहे, याची आठवण महाराष्ट्राला करून देणाऱ्यांत अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव घ्यावे लागेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या ब्राह्मण सत्याग्रहीने भंगीकाम मला करू द्या, असा हट्ट धरला. परवानगी नाकारली तेव्हा अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला हाताने उचलावा लागू नये असे संडास करण्यात वर्षे घालवली. १९९३ साली आणि मग २०१३ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे अजून उतरत होती आणि मरत होती.

तेव्हा यंदा एवढे करावे. कढईतले उरलेले तेल मोरीत न ओतता गार झाल्यावर बाटलीत भरून बाजूला काढावे, कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावी. न्हाणीच्या जाळीवर अभ्यंगाच्या पहाटे एक बारीक गाळणी ठेवावी आणि साचलेले उटणे-केस दर दोन अंघोळींनी उचलून कुंडीत वा कचऱ्यात टाकावेत. काम मुलांना सांगितले तर ती आनंदाने करतील. मोती साबणाच्या वासात याचाही खेळ होतो. आणि कुंडीत अळवाचा एखादा कांदा लावायला जागा असली, तर फारच उत्तम.